जिऑग्नॉसी : एका निवृत्त शब्दाची गोष्ट

माणसांप्रमाणे शब्दही सेवानिवृत्त होतात. ‘जिऑग्नॉसी’ हा त्यांतलाच एक. पृथ्वी आणि ज्ञान या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा हा जोड. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन मुलखात भूशास्त्राला हे नाव होते. त्याला प्रतिष्ठा दिली आब्राहम वेर्नरने. सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाण-विद्यालयात तो १७७५ पासून १८१७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, शिकवत होता.

वेर्नरची शिस्त हिशेबनिसाची. खडक पाहा, हाताळा, थरांचा क्रम नोंदवा. उगाच तर्क लढवू नका. ‘जिऑलॉजी’ या शब्दाला तेव्हा अशा तर्कटांचा वास येई. हुम्बोल्टसारखा शास्त्रज्ञ आणि नोवालिससारखा कवीही या गुरूच्या वर्गात बसून गेला.

आणि या प्रत्यक्षवादी माणसाने सांगितले काय? तर काळा बेसाल्टही आदिम समुद्राच्या पाण्यातूनच बसला! १७८७ मध्ये शाइबेनबर्गच्या टेकडीवर त्याला खाली वाळू, मग चिकणमाती आणि वर बेसाल्ट दिसला. एक थर दुसऱ्यात अलगद मिसळलेला. त्याने पाहिले तेच लिहिले होते.

मला त्याला हसवत नाही. बँकेतल्या उमेदवारीत विहिरींच्या कर्जासाठी मी पाहणीला जात असे. काठावरून वाकले की माती, मुरूम, काळा पाषाण, मध्येच तांबडा पट्टा, पुन्हा पाषाण. खतावणीची पाने रचावीत तसे. हा गाळ पाण्याने बसवला, असे मी एका अहवालात बिनदिक्कत लिहिले. साहेबांनी ते खोडले नाही! वास्तविक दख्खनचा हा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, लोटावर लोट आलेला. दोन लोटांमध्ये काळ गेला, त्या काळात खडकाची झीज होऊन माती झाली. तोच तो तांबडा पट्टा.

वेर्नरचा फ्रेंच शिष्य दोब्युइसाँ याने १८०३ मध्ये गुरूच्या मताच्या बाजूने, सॅक्सनीच्या बेसाल्टवर पुस्तक लिहिले. नंतर तो फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य प्रांतात गेला. तिथे विझलेल्या ज्वालामुखींच्या मुखापासून निघून दरीत उतरलेले बेसाल्टचे ओघ त्याने पाहिले आणि आपले मत जाहीरपणे बदलले. १८१९ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्याच्या नावात मात्र त्याने गुरूचाच शब्द ठेवला होता : ‘जिऑग्नॉसी’.