चौदावा दिवस नेमका कोठून मोजायचा?

मासिक पाळीचे चक्र शिकवताना फळ्यावर एक आकृती हमखास काढली जाते. २८ दिवसांची पट्टी, सुरुवातीला रक्तस्रावाचे चार-पाच दिवस आणि बरोबर मधोमध, चौदाव्या दिवशी, अंडाशयातून बाहेर पडणारे स्त्रीबीज. आकृती चुकीची नाही. पण तिच्यावरून विद्यार्थी जो निष्कर्ष काढतात, तो मात्र अनेकदा चुकीचा असतो. 'पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी गर्भ राहतो' हे वाक्य पाठ होते आणि आयुष्यभर सोबत राहते.

एक साधे गणित करून पाहू. एका स्त्रीचे चक्र २६ दिवसांचे आहे, दुसरीचे ३५ दिवसांचे. रक्तस्रावाचा पहिला दिवस तो चक्राचा पहिला दिवस. पहिलीचे अंडमोचन बाराव्या दिवसाच्या सुमारास होईल, दुसरीचे एकविसाव्या. चौदाव्या दिवशी पहिलीचे स्त्रीबीज नष्ट झालेले असेल, तर दुसरीचे अजून पिकायचे असेल. म्हणजे ज्या दिवसाचा एवढा बोलबाला, तो या दोघींपैकी एकीच्याही उपयोगाचा नाही!

असे का होते? चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अंडाशयातील पुटिका वाढते. हा भाग लांबतो किंवा आखडतो. आजारपण, उपासमार, अतिश्रम, मनावरचा ताण यांमुळे तो पुढे ढकलला जाऊ शकतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या पुटिकेचा पीतपिंड बनतो आणि तो प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतो. गर्भ राहिला नाही तर पीतपिंडाचे आयुष्य साधारण दोन आठवड्यांत संपते, प्रोजेस्टेरॉन घटते आणि गर्भाशयाचे अस्तर गळून पाळी येते. हा दुसरा भाग तुलनेने स्थिर असतो. म्हणून चौदा दिवस मोजायचे ते मागच्या पाळीपासून पुढे नव्हे, तर येणाऱ्या पाळीपासून मागे. अडचण एवढीच, की येणारी पाळी अजून आलेली नसते.

हे कळायला फार काळ लागला. सुश्रुतसंहितेत पाळीपासून बारा रात्रींचा ऋतुकाल सांगितला आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकातील अनेक डॉक्टर पाळीच्या आसपासचे दिवस फलदायी आणि मधले दिवस सुरक्षित मानत, म्हणजे वस्तुस्थितीच्या अगदी उलट. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, तेव्हा हे दिवस नेमके सांगणे जगातल्या कोणत्याही डॉक्टरला शक्य नव्हते. जपानमधील क्यूसाकू ओगिनो यांनी पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वेळी अंडाशयांची अवस्था पाहून ती पाळीच्या तारखांशी ताडली आणि १९२४ साली निष्कर्ष मांडला : अंडमोचन पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होते. ऑस्ट्रियाचे हर्मन क्नाउस हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले.

दुसरा प्रश्न असा, की फलदायी दिवस किती? स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र अनुकूल स्थितीत स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध केला. अंडमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतील संबंधांतूनच गर्भ राहतो, असे त्यात आढळले. अंडमोचनाच्या दुसऱ्या दिवसापासून ती शक्यता जवळजवळ संपते.

आता गणित पूर्ण करू. निदान सहा चक्रांची नोंद हवी. सर्वांत लहान चक्रातून १८ वजा केले, की पहिला फलदायी दिवस मिळतो. सर्वांत मोठ्या चक्रातून ११ वजा केले, की शेवटचा मिळतो. समजा चक्रे २९, २६, ३१, २८, ३३ आणि ३० दिवसांची आहेत. २६ वजा १८ म्हणजे ८. ३३ वजा ११ म्हणजे २२. उत्तर, आठवा ते बाविसावा दिवस. खरे फलदायी दिवस सहा, पण ते कोठे पडतील याची खात्री नसल्याने पंधरा दिवस धरावे लागतात. आणि शुक्राणू पाच दिवस टिकले, तर आठवा दिवससुद्धा उशिराचा ठरू शकतो. ज्यांची चक्रे २६ ते ३२ दिवसांचीच असतात, त्यांच्यासाठी आठवा ते एकोणिसावा दिवस अशी सोपी पद्धत आहे. तिच्यासाठी ३२ मण्यांची 'मालाचक्र' नावाची माळही निघाली. ही पद्धत प्रत्यक्ष वापरात वर्षभरात शंभरातील सुमारे बारा जणींना दगा देते.

तारखांपेक्षा शरीर अधिक नेमके सांगते. अंडमोचन जवळ आले, की इस्ट्रोजेनच्या प्रभावाने गर्भाशयमुखातील स्राव वाढतो. तो पारदर्शक, बुळबुळीत आणि अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. शुक्राणूंना वाट मिळते ती या स्रावातून. अंडमोचनानंतर तो घट्ट होतो आणि शरीराचे पहाटेचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत चढते. तापमान मात्र दिवस उलटून गेल्यावर सांगते. स्राव आधी सांगतो.

या स्रावाची ओळख नसण्याची किंमत काय असते, हे बीड जिल्ह्याने पाहिले आहे. पाटोदा हा ऊसतोड मजुरांचा तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील जोडपी उचल घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात ती उन्हाळा लागल्यावरच परततात. पहाटे कोयता हाती घ्यायचा, खाडा झाला तर पैसे कापले जाणार. न्हाणीघर नाही, पाणी पुरेसे नाही. अशा ठिकाणी पाळी म्हणजे संकटच. २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पोटदुखी, जास्त रक्तस्राव, अंगावरून पांढरे जाणे, अशा तक्रारींनी सुरू झालेली वाट अनेकींच्या बाबतीत शस्त्रक्रियेपाशी संपली होती.

अंगावरून जाणारे प्रत्येक पाणी निरोगी असते, असे आम्ही म्हणत नाही. दुर्गंधी, खाज, हिरवट-पिवळा रंग किंवा ताप असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यावर औषध घ्यायलाच हवे. पण महिन्याच्या मध्यावर चार-पाच दिवस येणारा स्वच्छ, चिकट स्राव हा रोग नव्हे. ती अंडाशय कामावर असल्याची खूण आहे. ती खूण ओळखणारी स्त्री डॉक्टरांसमोर निदान एक प्रश्न विचारू शकते.

वर्गात हा विषय घेताना मुलींना स्वतःच्या तारखा विचारू नयेत. वर दिलेल्यासारखे काल्पनिक आकडे द्यावेत आणि मुलगे-मुली दोघांकडून वजाबाकी करून घ्यावी. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे चक्र अनियमित असते, तेव्हा हे गणित लागू पडत नाही, हेही सांगावे. गर्भ टाळण्यासाठी केवळ या गणितावर विसंबू नये; खात्रीची साधने सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. मूल हवे असणाऱ्यांना मात्र हे गणित नक्कीच दिशा दाखवते.

आणि फळ्यावरची ती आकृती पुसू नये. फक्त तिच्याखाली आणखी दोन पट्ट्या काढाव्यात, एक २६ दिवसांची, एक ३५ दिवसांची, आणि बाण उजवीकडून डावीकडे काढावा.