सिगारची पेटी आणि गांजाचे फूल

पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड सादळतो. वाळलेली पाने-फुलेही अशीच हवेतून बाष्प घेतात किंवा हवेला देतात. सिगारची लाकडी पेटी याच तत्त्वावर चालते. तिच्यात सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्के राखतात. हवा फार कोरडी झाली तर सिगारचे पान तडकते.

कॅनडात २०१८ साली प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला; काही रुग्ण तो औषध म्हणूनही घेतात. मग तोही सिगारच्या पेटीत ठेवला तर? बुरशीला वाढण्यासाठी साधारण ७० टक्क्यांहून अधिक आर्द्रता लागते, म्हणजे ही पेटी सीमारेषेवरच असते. त्यात दाट फुलाच्या गाभ्यात ओल दडून राहते. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू गेले, तर प्राणावर बेतू शकते. सुक्या फुलांतील ओल ५५ ते ६५ टक्के आर्द्रतेशी समतोल राखणारी असावी, असे एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेने २०१८ साली ठरवले.

भारतात गांजा बाळगणे गुन्हा आहे. पण तत्त्व पडताळायला पापड पुरे. काचेच्या एका बरणीच्या तळाशी मिठाचा ओला लगदा, दुसरीत नुसते पाणी ठेवू. वर पापडाचे तुकडे टांगून झाकणे घट्ट लावू. मिठाच्या बरणीत २५ अंश सेल्सिअसला आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते, कारण न विरघळलेले मीठ शिल्लक असेपर्यंत द्रावणाची संहती बदलत नाही. पाण्याच्या बरणीत ती १०० टक्क्यांकडे जाते. बुरशी आधी कोठे दिसते, याची विद्यार्थ्यांनी रोज नोंद करावी. बुरशी आल्यावर बरण्या मात्र उघडू नयेत.