रेणूंची घडण (भाग ९) : पहाटेचा कॉलम

मे महिन्यात खानदेशातल्या रसायनशास्त्रज्ञाचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. डायक्लोरोमिथेन हे आमचं रोजचं द्रावक. ते ४० अंशांना उकळतं आणि धुळ्या-जळगावचा पारा तेव्हा दुपारी ४४-४५ च्या घरात असतो. भर दुपारी बाटलीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो. सिलिकाने भरलेली काचेची उभी नळी, जिला आम्ही कॉलम म्हणतो, तिच्यात हे द्रावक आतल्या आत उकळतं, बुडबुडे धरतात, सिलिकाला भेग पडते आणि वेगळे होत आलेले पदार्थ पुन्हा एकमेकांत मिसळतात. आठवडाभराचं काम दहा मिनिटांत जातं. म्हणून कॉलम चालवायचा तो उन्हं वर येण्याआधी.

गेल्या आठवड्यात आपण क्राऊन इथर पाहिले. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये जगापुढे मांडलेली ती कडी, पोटॅशियमचा आयन पोटात घेऊन बसणारी. या आठवड्यात त्याच जातीच्या कड्या एकमेकींत अडकवायच्या आहेत. अशा अडकवलेल्या रेणूंवर पीएच.डी.ची काही वर्षं मी घालवली आहेत, त्यामुळे हे काम करणारा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, तेही आज सांगतो.

माझे मामा जळगावच्या सराफ बाजारात सोन्याच्या चेनी घडवायचे. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून बघायचो. कडी उघडायची, चिमट्याने दुसऱ्या कडीत घालायची, तोंडाला तोंड लावायचं, टाकणखार लावून फुंकणीने ज्योत द्यायची, आणि डाख वितळला की कडी मिटली. पुढची घ्या. रेणूंच्या दुनियेत या सगळ्यात एकच अडचण आहे. तिथे चिमटा नाही. कडी एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी, आणि एका चंचुपात्रात अशा कड्या अब्जावधींनी. दुसरी कडी मिटताना तिचं टोक पहिलीच्या आतून गेलेलं असावं, हे घडवून आणायचं कसं?

पहिला रस्ता नशिबाचा होता. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये एडेल वॉसरमन यांनी १९६० मध्ये ३४ कार्बनच्या मोठ्या कड्या घेतल्या आणि त्यांच्या गर्दीत दुसऱ्या कड्या मिटू दिल्या. एखादी चुकून पहिलीतून ओवली गेली असेल, या हिशेबावर. ओवली गेलीही, पण इतकी थोडी की त्या मार्गाने पुढे जाण्याला अर्थ नव्हता. दोन कड्यांच्या अशा जोडीला कॅटेनेन म्हणतात. लॅटिनमध्ये कॅटेना म्हणजे साखळी. दोन्ही कड्यांमध्ये रासायनिक बंध एकही नसतो, तरी एक तोडल्याशिवाय दुसरी सुटत नाही. याला यांत्रिक बंध असं नाव आहे.

दुसरा रस्ता स्ट्रासबर्गला निघाला. ज्याँ-पिएर सोव्हाज खरं तर सूर्यप्रकाशाची ऊर्जा पकडू शकतील अशा तांब्याच्या संयुगांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की तांब्याचा आयन दोन चंद्रकोरीसारखे रेणू एकमेकांना काटकोनात धरून ठेवतो, आणि या कोरी आधीच एकमेकींत गुंतलेल्या असतात. आता फक्त त्यांची तोंडं मिटायची राहिली. १९८३ मध्ये त्यांनी एक कोर आधीच मिटवून कडी केलेली घेतली, तांब्याने तिच्यात दुसरी कोर धरली आणि तिचं तोंड मिटवलं. शंभरातून बेचाळीस भाग माल हाती आला. मग सायनाइड घालून तांबं काढून घेतलं. कड्या अडकलेल्याच राहिल्या. मामांचा चिमटा इथे तांब्याचा एक आयन झाला होता, आणि काम झाल्यावर तो बाजूला ठेवता येत होता. मला आजही या विषयातली ही सगळ्यात देखणी कल्पना वाटते.

तिसरा रस्ता मात्र थेट आपल्या बांधावरून जातो. खानदेशात ज्याचं शेत आहे त्याने पॅराक्वाटचं नाव ऐकलेलं असतं. कृषी केंद्रातून आणायचं, पंपात घालायचं, आणि दोन दिवसांत तण करपतं. हा रेणू पहिल्यांदा १८८२ मध्ये बनवला गेला. तो तण मारतो हे ब्रिटनच्या आयसीआय कंपनीला १९५५ मध्ये कळलं, आणि १९६२ पासून तो बाजारात आहे. त्याच्यावर दोन धन प्रभार असतात, म्हणजे तो इलेक्ट्रॉनचा भुकेला. हिरव्या पानात प्रकाशाने हलवलेला इलेक्ट्रॉन तो मध्येच उचलतो, ऑक्सिजनला देतो, आणि त्यातून जे तयार होतं ते पान जाळतं. माणसाच्या फुफ्फुसातही तो हाच खेळ करतो आणि त्याच्यावर उतारा नाही. ही बाटली घरात, मुलांच्या हाताला लागेल अशी कधीही ठेवू नका, हे मी वर्गातही सांगतो आणि इथेही सांगतो.

फ्रेझर स्टॉडार्ट हे एडिंबरा शहराबाहेरच्या शेतावर वाढलेले. त्या घरात वीज नव्हती. लहानपणी त्यांना कोडी जुळवत बसायचा छंद होता. पुढे शेफील्ड विद्यापीठातून काही काळ ते आयसीआयच्या प्रयोगशाळेत गेले आणि ही तणनाशकं त्यांच्या अभ्यासात आली. इलेक्ट्रॉनचा भुकेला पॅराक्वाट मोठ्या क्राऊन इथरच्या पोटात आपणहून शिरून बसतो, कारण त्या कडीत इलेक्ट्रॉनने श्रीमंत असे बेन्झिनचे भाग असतात, हे त्यांनी दाखवलं. मग त्यांनी भूमिका उलटवल्या. दोन पॅराक्वाट जोडून त्यांचीच चौकोनी कडी केली, आणि धागा श्रीमंत इलेक्ट्रॉनचा घेतला. १९८९ मध्ये त्यांच्या कॅटेनेनचा उतारा शेकडा सत्तरवर गेला. कुठे वॉसरमनचं नशीब आणि कुठे हे!

१९९१ मध्ये त्यांनी रोटॅक्सेन बनवलं, ते समजायला बैलगाडी पुरते. आख, त्यावर चाक, आणि चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ. रेणूत आख म्हणजे लांब धागा, चाक म्हणजे कडी आणि दोन्ही टोकांच्या खिळा म्हणजे कडीतून न जाऊ शकणारे जाडजूड गट. स्टॉडार्टच्या धाग्यावर कडीला बसायला दोन सारख्या जागा होत्या, आणि साध्या खोलीच्या तापमानाला ती कडी सेकंदाला सुमारे ५०० वेळा एकीवरून दुसरीवर ये-जा करत होती. अशी ये-जा हवी तेव्हा हवी त्या दिशेला करवून घेणं, म्हणजे रेणूचं यंत्र. सोव्हाज, स्टॉडार्ट आणि नेदरलँड्सचे बेन फेरिंगा यांना २०१६ चं नोबेल यासाठीच मिळालं. स्टॉडार्ट ३० डिसेंबर २०२४ रोजी गेले.

आता तो दिवस. साडेपाचला कॉलम भरायचा, थेंब थेंब खाली येणारं द्रावक परीक्षानळ्यांत धरायचं, ऐंशी-शंभर नळ्या. प्रत्येकीतला ठिपका छोट्या पट्टीवर द्यायचा, पट्टी अतिनील दिव्याखाली धरायची आणि कोणत्या नळीत काय आहे ते टिपून ठेवायचं. अडकलेली जोडी, नुसती कडी, नुसता धागा, हे तिघं एकमेकांच्या फार जवळून उतरतात; या कामातला निम्मा जन्म त्यांना वेगळं करण्यात जातो. अकरापासून कॉलेज. व्याख्यान, मग टायट्रेशनचं प्रॅक्टिकल, ब्युरेट फुटल्याची नोंद. पाचनंतर पुन्हा आपलं काम.

संध्याकाळी कडी मिटवायची अभिक्रिया लावायची. ती भरपूर द्रावकात लावतात आणि पदार्थ रात्रभर अगदी सावकाश, थेंबाने सोडतात. घाई केली की रेणूचं डोकं स्वतःच्या शेपटीऐवजी शेजाऱ्याची शेपटी धरतं, आणि सकाळी फ्लास्कच्या बुडाशी डांबरासारखा चिकटा मिळतो. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून थंडगार पाणी फिरत राहायला हवं. आमच्याकडे नळाचं पाणी रात्रभर सोडून देणं परवडणारं नाही, म्हणून बादलीत बर्फाचं पाणी आणि त्यात कूलरचा पंप. तोच पंप एका रात्री बंद पडला. मी खाली चटईवर झोपलो होतो. जागा झालो तेव्हा फ्लास्क कोरडा होता आणि तीन महिने खपून जमवलेला धागा त्यात करपून गेला होता. त्यानंतर मी कधीही एका पंपावर विसंबलो नाही. बादलीत दोन असतात.

माल हाती आला, तरी तो खरोखर अडकलेला आहे हे सिद्ध करावं लागतं. नमुना एनएमआर या चुंबकीय तपासणीसाठी मोठ्या शहरातल्या संस्थेकडे कुरिअरने जातो आणि आपण वाट बघतो. कडीच्या पोटातल्या धाग्याचे हायड्रोजन आपली नेहमीची जागा सोडून सरकलेले दिसले की छाती धडधडते. पण मला अधिक पटणारा पुरावा वस्तुमानाचा आहे. दोन कड्यांच्या जोडीला तोडत गेलं तर जोडीचं वजन दिसतं आणि मग एकदम एका कडीचं. मधलं काही नाही. एक कडी कुठेही तुटली की दुसरी अख्खी सुटते. शेजारी नुसत्या जोडलेल्या कड्या असत्या तर मधले तुकडे दिसले असते.

हे सगळं मी एकदा पारोळ्याजवळच्या शेतात थोरल्या चुलत्यांना समजावत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग त्या कड्या सुटतस का नही?” प्रश्न तज्ज्ञाचा होता. आपल्या शरीरात शिरणाऱ्या बहुतेक जिवाणूंचा डीएनए कडीच्या आकाराचा असतो. त्याची नक्कल झाली की दोन कड्या एकमेकींत अडकलेल्या राहतात, आणि त्या सुटल्याशिवाय जिवाणूला दोन होता येत नाही. टोपोआयसोमरेज ४ हे विकर एक कडी कापतं, दुसरी त्या फटीतून बाहेर काढतं आणि काप पुन्हा सांधतं. मेडिकलवर मिळणारं सिप्रोफ्लॉक्सासिन या विकराला कापलेल्या अवस्थेतच धरून ठेवतं. काकांना गोळीचं नाव माहीत होतं.

आपल्याकडे हे संशोधन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चालतं. खानदेशातली मुलं जळगावला १९९० मध्ये विद्यापीठ झाल्यापासून घराजवळ राहून एम.एस्सी., पीएच.डी. करू लागली. आज ते विद्यापीठ बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखलं जातं. या मुलांना मी सांगतो की या विषयाला सुरुवात करायला महागडं यंत्र लागत नाही, आणि हे मी प्रयोग करून सांगतो आहे.

स्टार्चपासून मिळणारं सायक्लोडेक्स्ट्रिन ही ग्लुकोजची कडी. अल्फात सहा ग्लुकोज, बीटात सात. जपानचे अकिरा हराडा यांनी दाखवलं की अल्फाच्या कड्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या लांब धाग्यावर आपोआप ओवल्या जातात, पोत ओवावी तशा. १९९२ मध्ये त्यांनी या पोतीच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि रेणूंचा हार पक्का केला. गाठी मारणं अवघड आहे, पण ओवणं कुठल्याही पदवी महाविद्यालयात पंधरा-वीस मिनिटांत बघता येतं.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात एक तास द्या. अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनचं पाण्यात संपृक्त द्रावण करा. १००० ते ४००० रेणुभाराच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं दुसरं द्रावण करा. दोन्ही काचेसारखी नितळ असतील. एकत्र ओता आणि मुलांना नळीकडे बघत राहायला सांगा. द्रावण दुधाळ होत जाईल आणि पांढरा साका बसेल. शेजारच्या नळीत हेच बीटा घेऊन करा. त्याची कडी या धाग्याला सैल पडते, आणि ती नळी नितळच राहते. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी उजेडात धरा आणि फरक का पडला ते मुलांनाच विचारा.