शेततळ्याचे कुंपण आणि अन्वस्ताचा आलेख

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण तालुका. अशा तालुक्यात शेतकऱ्यांनी डाळिंबाच्या बागा उभ्या केल्या, त्यामागे शेततळ्यांचा मोठा आधार आहे. राज्य शासनाने २०१६ साली सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेत तळ्याचे सर्वात मोठे आकारमान ३० × ३० × ३ मीटर ठरविण्यात आले होते. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याची कड निसरडी असते. पाय घसरून आत पडलेल्या मुलाला किंवा जनावराला वर येणे कठीण जाते. त्यामुळे तळ्यास कुंपण हवेच. कुंपणाचा खर्च त्याच्या लांबीवर अवलंबून असतो. आत किती पाणी साठेल हे मात्र तळ्याच्या आकारावर ठरते. हा संबंध ‘अन्वस्त’ या वक्राच्या साहाय्याने स्पष्ट होतो.

समीकरणाची मांडणी

तळे आयताकृती आहे, कुंपण काठालगत आहे आणि त्याची एकूण लांबी १२० मीटर आहे असे धरू. एक बाजू ‘क्ष’ मीटर असल्यास लगतची बाजू (६० − क्ष) मीटर होईल. क्षेत्रफळ ‘य’ मानल्यास

य = क्ष (६० − क्ष) = −क्ष² + ६०क्ष

हे समीकरण मिळते. दहावीच्या बीजगणितात येणाऱ्या वर्गसमीकरणाचेच हे रूप होय. त्याचा आलेख म्हणजे अन्वस्त.

प्रमुख गुणधर्म

आलेख काढण्यापूर्वी पुढील गोष्टी शोधाव्यात.

पहिली, वक्राची दिशा. क्ष² चा सहगुणक ऋण असल्याने वक्र खाली उघडतो. म्हणजेच त्याला एक सर्वोच्च बिंदू आहे.

दुसरी, छेदबिंदू. य शून्य मानल्यास क्ष = ० व क्ष = ६० ही मुळे मिळतात. या दोन्ही ठिकाणी आयतच उरत नाही.

तिसरी, सममितीचा अक्ष. तो दोन्ही मुळांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे क्ष = ३० या रेषेवर असतो. मुळे सहज मिळत नसतील तेव्हा क्ष चा सहगुणक क्ष² च्या सहगुणकाच्या दुपटीने भागून चिन्ह बदलावे. उत्तर तेच येते.

चौथी, शिरोबिंदू. क्ष = ३० असता य = ९००. योजनेतील ३० × ३० मीटर हे माप नेमके या शिरोबिंदूवर येते.

आलेखपत्रावर १०, २०, ३०, ४०, ५० या बाजूंसाठी ५००, ८००, ९००, ८००, ५०० ही क्षेत्रफळे मांडून बिंदू सलग वक्राने जोडावेत. ३० या रेषेवर कागद दुमडल्यास दोन्ही अंगे एकमेकांवर तंतोतंत बसतात.

जागा चौरस नसेल तर

हेच समीकरण य = ९०० − (क्ष − ३०)² असेही लिहिता येते. बाजू ३० मीटरपासून जितकी ढळेल, तिच्या वर्गाइतके क्षेत्र घटते, असा याचा अर्थ. २५ × ३५ मीटरच्या तळ्यात केवळ २५ चौरस मीटर कमी होतात. १० × ५० मीटरच्या तळ्यात मात्र ४०० चौरस मीटर गमवावे लागतात. वक्र शिरोबिंदूजवळ जवळजवळ सपाट असतो आणि दूर जाताच वेगाने उतरतो, तो यामुळेच.

पाण्याच्या हिशेबात हा फरक अधिक जाणवतो. खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार १ : १ असल्यास ३० × ३० च्या तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते, २५ × ३५ मध्ये २,१२१, तर १० × ५० मध्ये अवघे ९९६. कुंपण तेवढेच, पण साठा निम्म्याहूनही कमी. म्हणजे बारा लाख लिटर पाण्याची तूट. म्हणून शेताचा तुकडा थोडाफार लांबट असल्यास काळजीचे कारण नाही. अरुंद पट्टीत तळे घेण्याआधी मात्र दुसऱ्या जागेचा विचार अवश्य करावा.

चौरसाचा नियम सरसकट लावू नये

शाळेच्या परसबागेला एका बाजूने भिंत असेल आणि तार ४० मीटर असेल, तर समीकरण य = क्ष (४० − २क्ष) असे होते. त्याची मुळे ० व २०, अक्ष क्ष = १० आणि शिरोबिंदूवर क्षेत्रफळ २०० चौरस मीटर. येथे १० × २० मीटरचा आयत सर्वोत्तम ठरतो. त्याच तारेत चौरस घेतल्यास सुमारे १७८ चौरस मीटरच मिळतात. परिस्थिती बदलली की समीकरण बदलते आणि शिरोबिंदूही सरकतो.

शिक्षकांनी गावातील एखाद्या तळ्याची मापे विद्यार्थ्यांकडून घेऊन हा आलेख वर्गात काढून घ्यावा. ग्रामपंचायत सदस्यांनी व क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनीही जागेची आखणी होण्यापूर्वीच हा हिशेब शेतकऱ्यापुढे मांडावा. खोदाई झाल्यानंतर आकार बदलता येत नाही. कागदावर तो बदलण्यास काहीच खर्च येत नाही.