काटा, कुसळ आणि केसपेपर

कपाशीची वेचणी सरली की हसनाबाद, राजूर, भोकरदनच्या शिवारात पऱ्हाट्या उपटायचं काम निघतं. पायात बाभळीचा काटा मोडतो तो याच दिवसांत. सोयाबीन-मक्याच्या मळणीत यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात कुसळ जातं. इथली पोरं जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यांत कामाला जातात, त्यांच्या बाबतीत तो लोखंडाचा कण असतो. डॉक्टरांच्या भाषेत या सगळ्याला ‘फॉरेन बॉडी’ म्हणतात. ती काढायला बहुतेक वेळा फार वेळ लागत नाही. पण खर्च कुणी सोसायचा, हे पुढे केसपेपरवरच्या ओळीवर ठरतं, आणि तिथे अनेकदा ‘एफ. बी. रिमूव्हल’ एवढंच लिहिलेलं असतं.

काटा किती खोल, काढला कसा

काट्याचं टोक वर दिसतंय आणि चिमट्याने ओढून निघालं, तर ते तपासणीतच धरलं जावं. त्याला वेगळी शस्त्रक्रिया म्हणणं योग्य नाही. भुलीचं इंजेक्शन देऊन, कातडीला छेद घेऊन काटा काढला तर ती छोटी शस्त्रक्रिया. तो स्नायूत किंवा सांध्याजवळ रुतला असेल तर ऑपरेशन थिएटर, जास्त भूल, कधी भरतीही लागते. या तिन्ही पायऱ्यांचा खर्च वेगळा असतो आणि तो वेगळा असणं रास्तच आहे.

एक तक्रार नेहमी ऐकू येते: एक्स-रेत काही दिसलं नाही, तरी वर सोनोग्राफीचे पैसे लावले. यात बहुधा लबाडी नसते. एक्स-रेत लोखंड स्पष्ट दिसतं, काचही बहुतेकदा दिसते, पण लाकूड किंवा बाभळीचा काटा सहसा दिसत नाही. तो सोनोग्राफीत सापडतो. म्हणूनच काटा मोडला असेल तर कशाचा मोडला, हे डॉक्टरांना आधीच सांगावं. एखादी तपासणी वाचू शकते.

बिब्याचा चटका मात्र देऊ नये. कातडी भाजते, सूज येते, काट्याची नेमकी जागा शोधणं अवघड होतं आणि साध्या छेदाचं काम मोठं होऊन बसतं.

सरकारी दवाखान्यात

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे सगळे त्यात येतात. काटा काढणं, धनुर्वाताचं इंजेक्शन, ड्रेसिंग यांचे पैसे तिथे द्यावे लागत नाहीत. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे हा निर्णय त्याला तसाच लागू झालेला नाही. बिल नसलं तरी केसपेपर जपून ठेवायचाच. त्याचं कारण शेवटी येईल.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण ही योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. बाह्यरुग्ण विभागात टाचेतला काटा काढला तर तिचा उपयोग होत नाही. लहान मुलाच्या श्वासनळीत शेंगदाणा अडकला आणि भरती करून दुर्बिणीने काढावा लागला, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठावं किंवा 155388 वर विचारावं.

खाजगी बिल वाचताना

तपासणी फी, प्रोसिजर, भूल, थिएटर, सामान, औषधं, ड्रेसिंग अशा ओळी साधारणपणे असतात. प्रोसिजरच्या रकमेत त्याच दिवशीचं ड्रेसिंग धरलंय का, हे आपल्याकडे विचारूनच घ्यावं लागतं, कारण खाजगी दवाखान्यांना सर्वत्र लागू होईल असं एकच दरपत्रक नाही. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ते वाचायला मागण्यात संकोच कसला? तो आपला हक्कच आहे.

कोड म्हणजे काय

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 या यादीत प्रत्येक आजाराला आणि इजेला क्रमांक आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात, म्हणजे कॉर्नियात, कण गेला तर टी15.0. कानात दाणा गेला तर टी16, नाकपुडीत गेला तर टी17.1. जुना काटा मांसल भागात तसाच राहून गेला असेल तर एम79.5. इजा कशाने झाली यालाही कोड असतो. वनस्पतीच्या काट्याने झालेल्या इजेचा कोड डब्ल्यू60 आणि ती शेतात झाली असेल तर पुढे 7 लागतो. पऱ्हाट्या उपटताना मोडलेल्या काट्याची सगळी हकिगत अशी डब्ल्यू60.7 मध्ये मावते. पण कागदावर ‘शेतात’ हा शब्दच नसेल तर कोड लावणारा तो 7 आणणार कुठून?

विम्याच्या दाव्याच्या अर्जात ‘भाग ब’ रुग्णालय भरतं. आजाराचा आणि शस्त्रक्रियेचा कोड तिथे विचारलेला असतो. इजा अपघाताने झाली का, हेही विचारतात. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण नव्या पॉलिसीची पहिल्या 30 दिवसांची प्रतीक्षा अपघाताला लागू नसते.

24 तासांची अट आणि डे-केअर

आरोग्यविम्यात सर्वसाधारणपणे 24 तासांची भरती लागते. डे-केअर उपचारांना यातून सूट आहे, पण तिथेही एक मेख आहे. विमा नियामकाच्या व्याख्येनुसार जो उपचार एरवी बाह्यरुग्ण विभागातच होतो, तो डे-केअरमध्ये बसत नाही. चिमट्याने काढलेला काटा म्हणून बाद होतो. कॉर्नियातला कण काढणं मात्र अनेक पॉलिसींच्या डे-केअर यादीत नावानिशी असतं. तेव्हा यादी आधी पाहावी. दावा मिळावा म्हणून गरज नसताना रात्रभर खाटेवर झोपवण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नये. कंपनी भरतीची गरज तपासते आणि दावा नाकारला गेला की सगळं बिल आपल्यावर येतं.

कारखान्यातल्या कामगाराने कर्मचारी राज्य विमा योजनेचं कार्ड आहे का ते आधी पाहावं. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. कण कामावर असताना गेला, ही नोंद कारखान्याच्या अपघात नोंदवहीत आणि केसपेपरवर, दोन्हीकडे हवी.

अमेरिकेतलं बिल पुण्यात

पुण्या-मुंबईत अमेरिकी दवाखान्यांच्या बिलांना कोड लावण्याचं काम चालतं आणि त्यात मराठी मुलंमुली मोठ्या संख्येने आहेत. तिथे प्रक्रियेसाठी सीपीटी नावाची वेगळी यादी वापरतात. कातडीखालची वस्तू छेद घेऊन काढली तर 10120, काम गुंतागुंतीचं असेल तर 10121. पायाच्या पंजासाठी 28190 पासून निराळे क्रमांक आहेत. कॉर्नियातला कण स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, काढला तर 65222, त्याशिवाय काढला तर 65220. छेद घेतल्याची नोंद डॉक्टरने केली नसेल तर 10120 लावता येत नाही, मग प्रत्यक्षात छेद घेतलेला असला तरीही. मला ही शिस्त आपल्याकडेही हवी आहे. कमीत कमी एवढी ओळ लिहिली जावी: ‘उजव्या टाचेत बाभळीचा काटा, शेतात काम करताना, भूल देऊन, छेद घेऊन पूर्ण काढला, दोन टाके.’ लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्यातून डॉक्टरचं कामही नीट मोजलं जातं.

डोळ्याच्या बाबतीत

डोळ्यात लोखंडाचा कण राहिला तर त्याभोवती गंजाचं कडं धरतं. कुसळाने ओरखडा पडला तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि त्यात नजरही जाते. एक डोळा निकामी झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबाला 1 लाख रुपये मिळू शकतात. वयाची अट 10 ते 75 आहे. बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून घेणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतही एका डोळ्याची नजर कायमची गेली तर 1 लाखाची तरतूद आहे. दोन्हीकडे अपघात सिद्ध करावा लागतो. तो झाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात मोफत मिळालेला केसपेपर, त्यावर तारीख, कोणता डोळा आणि ‘मळणी करताना’ हे शब्द, हा तिथे मोठा पुरावा ठरतो. महिनाभर मेडिकलमधले थेंब घालून मग मोठ्या दवाखान्यात गेलेल्या माणसाकडे नेमका तोच कागद नसतो.