माती परीक्षणाची यंत्रे संगणकाला जोडताना

माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की शेतकरी त्यातील आकड्यांवर विसंबून खतांची खरेदी करतो. हे आकडे अचूक येण्यासाठी अनेक प्रयोगशाळांत मोजमापाची यंत्रे थेट संगणकाला जोडली जातात. ही जोडणी कशी असते, तिच्यामुळे काय साधते आणि काय साधत नाही, हे शेतकरी बंधू-भगिनींना माहीत असणे हिताचे आहे.

आकडा कोठे चुकतो?

उपलब्ध पालाशाचे उदाहरण घेऊ. ५ ग्रॅम मातीत २५ मि.लि. अमोनियम ॲसिटेटचे द्रावण घालून ते हलवतात व गाळून घेतात. हा अर्क फ्लेम फोटोमीटर या यंत्राच्या ज्योतीत सोडला की त्यातील पालाशाचे प्रमाण पी.पी.एम. मध्ये मिळते. या आकड्याला प्रथम ५ ने (अर्क मातीच्या पाचपट असल्यामुळे) आणि नंतर २.२४ ने गुणले की हेक्टरी किलो पालाश निघते. म्हणजेच यंत्रावरील आकड्याला ११.२ ने गुणावयाचे.

समजा, यंत्राने १४ दाखविले. उपलब्ध पालाश हेक्टरी सुमारे १५७ किलो झाले. परंतु वहीत उतरविताना १४ चे ४१ झाले, तर तेच ४५९ किलो होते. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या सहा स्तरांच्या प्रतवारीत पहिला आकडा ‘कमी’ या गटात, तर दुसरा ‘अत्यंत जास्त’ या गटात बसतो. ज्या जमिनीला पालाश वाढवून द्यावयास हवे, तिला ते कमी करण्याची शिफारस जाते. केळी किंवा ऊस यांसारख्या पिकात ही चूक वर्षभर भोवते. दिवसाकाठी शेकडो आकडे हाताने उतरविताना अशी अदलाबदल होऊ शकते.

यंत्र व संगणकाची जोडणी

मोजमापाच्या मुळाशी बहुधा विजेचा सूक्ष्म दाब असतो. उदाहरणार्थ, २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू एका एककाने बदलला की सामूमापकाच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. संगणकाला मात्र फक्त अंक समजतात. म्हणून यंत्रातील एक इलेक्ट्रॉनिक भाग या दाबाचे अंकांत रूपांतर करतो. हे अंक केबलमधून संगणकाकडे जातात.

यासाठी १९६० मध्ये आलेली ‘आर.एस. २३२’ ही जोडणी आजही बऱ्याच यंत्रांवर दिसते. नऊ पिनांच्या या जोडणीत तीन तारांवरही काम भागते : एक पाठविण्यासाठी, एक घेण्यासाठी व एक सामाईक. अलीकडच्या संगणकांवर हे तोंड नसल्यास यू.एस.बी. ॲडॉप्टर लावतात. यंत्र व संगणक या दोहोंचा माहिती पाठविण्याचा वेग सारखा ठेवावा लागतो, अन्यथा पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. ही केबल साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची असते. त्याहून लांब अंतरासाठी ‘आर.एस. ४८५’ ही जोडणी वापरतात. ती सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालते, म्हणून हरितगृहातील खत-पाणी नियंत्रकांतही तिचा उपयोग होतो.

दूरनियंत्रण म्हणजे काय?

या तारांवरून संगणक यंत्राला आज्ञाही देऊ शकतो. जस्त, लोह, तांबे व मंगल मोजणाऱ्या अणुशोषण यंत्रात प्रत्येक मूलद्रव्यासाठी ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश लागतो. जस्तासाठी ती २१३.९, तर लोहासाठी २४८.३ नॅनोमीटर असते. संगणकाच्या आज्ञेनुसार दिवा व तरंगलांबी बदलते, नमुन्यांची चकती फिरते, पुढील नळीतील अर्क ओढला जातो आणि वाचन नमुना क्रमांकासह साठविले जाते. ठरावीक नमुन्यांनंतर ज्ञात प्रमाणाचे द्रावण पुन्हा मोजावे व फरक मर्यादेबाहेर गेल्यास काम थांबवावे, अशी सूचनाही आधीच देऊन ठेवता येते.

तथापि दूरनियंत्रण म्हणजे माणसाची सुटी नव्हे. या यंत्राची ज्योत हवा व ॲसिटिलीन वायूवर चालते. ती पेटती असेपर्यंत प्रयोगशाळेत जाणकार व्यक्ती हजर असलीच पाहिजे.

केबलला न समजणाऱ्या गोष्टी

केबल आकडा जसाच्या तसा पोहोचविते. तो खरा की खोटा, हे तिला समजत नाही. सामूमापक ४, ७ व ९.२ सामूच्या प्रमाणित द्रावणांवर तपासलेला नसेल, तर चुकीचा सामू तितक्याच तत्परतेने अहवालात जाईल. दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल, तर एका शेतकऱ्याचा अचूक आकडा दुसऱ्याच्या नावावर छापला जाईल. बांधाजवळून किंवा खताच्या ढिगाखालून माती आणली असेल, तर आकडा त्या जागेचा असेल, शेताचा नव्हे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) नमुना बांध, झाडाची सावली, शेणखताची जागा व पाण्याचा पाट टाळून घ्यावा. हंगामी पिकांसाठी ‘व्ही’ आकाराचा सुमारे २० सें.मी. खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती घ्यावी. शेतातील अनेक ठिकाणची माती एकत्र मिसळून त्यातील अर्धा किलो ठेवावी.

२) नाव, गट क्रमांक व पिकाची माहिती असलेली एक चिठ्ठी पिशवीत घालावी व दुसरी बाहेर बांधावी. आतील चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, म्हणजे ओलाव्याने अक्षर फुटत नाही.

३) प्रयोगशाळेने दिलेला नमुना क्रमांक लिहून ठेवावा व अहवालावरील क्रमांकाशी ताडून पाहावा.

४) जुना अहवाल जपून ठेवावा. सामू किंवा पालाश मागील वेळेपेक्षा फारच वेगळा आला, तर खत खरेदी करण्यापूर्वी फेरतपासणीची विनंती करावी. संगणकावर छापलेला अहवाल आहे म्हणून विचारण्यास संकोच करू नये.

मोजणीपासून छपाईपर्यंतची वाट संगणकामुळे निर्धोक होते. शेतापासून प्रयोगशाळेपर्यंतची वाट मात्र शेतकऱ्याच्याच हाती आहे. तेथे काळजी घेतली, तरच अहवालातील आकडा आपल्या जमिनीचा ठरेल.