लॅपटॉप स्लीपमधून आपोआप का उठतो? कारण शोधायची पद्धत



रात्री प्रबंधाचं प्रकरण अर्धवट ठेवून तुम्ही लॅपटॉप स्लीपला टाकता, झाकण लावता आणि बॅगेत ठेवता. सकाळी पाहावं तर लॅपटॉप गरम, पंखा सुरू आणि बॅटरी संपत आलेली. सेव्ह न केलेलं काम असेल तर तेही जाऊ शकतं.

अशा वेळी बरेच जण व्हिडिओ पाहून एकदम दहा सेटिंग्ज बदलतात. त्रास थांबतो, पण कशामुळे थांबला ते कळत नाही. मग महिन्याभराने पुन्हा तेच! प्रयोगशाळेत आपण असं करू का? आधी निरीक्षण, मग कारण, आणि एका वेळी एकच बदल. इथेही तेच करायचं. (खालचं सगळं विंडोज 10 आणि 11 साठी आहे.)

स्लीपमध्ये नेमकं काय होतं?

उघडलेलं काम रॅममध्ये राहतं आणि रॅमला थोडी वीज मिळत राहते. बाकी बहुतेक भाग बंद होतात. पण कीबोर्ड, माउस, नेटवर्क कार्ड, झाकणाचा सेन्सर आणि घड्याळ यांना "उठ" असा इशारा द्यायची मुभा असू शकते. म्हणजे आपला प्रश्न एवढाच: इशारा दिला कुणी?

1. आधी लॅपटॉपलाच विचारा

स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. मग इंग्रजी अक्षरांत "पॉवरसीएफजी /लास्टवेक" टाइप करा. शेवटचा इशारा कुठून आला ते दिसेल. उत्तर रिकामं आलं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे विंडोज लॉग्ज, मग सिस्टम, आणि त्यात "पॉवर-ट्रबलशूटर" या सोर्सची नोंद शोधा. झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि बऱ्याचदा कारणही मिळतं. दोन-तीन दिवसांच्या वेळा वहीत लिहा. रोज ठरावीक वेळी उठत असेल तर टायमरवर संशय घ्या. वेळ कशीही असेल तर एखाद्या उपकरणावर.

2. उपकरण असेल तर

"पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड" ही कमांड मुभा असलेल्या उपकरणांची यादी देते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये संशयित उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, पॉवर मॅनेजमेंट टॅब उघडा आणि "अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर" समोरची खूण काढा. वायरलेस माउस टेबलाच्या धक्क्यानेही हलतो, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासून करा. कीबोर्डची मुभा मात्र राहू द्या, उठवायला काहीतरी हवंच ना!

3. टायमर असेल तर

"पॉवरसीएफजी /वेकटायमर्स" टाइप करा. अपडेट किंवा देखभालीचं एखादं काम वेळ लावून बसलेलं दिसेल. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्लीपखाली "अलाउ वेक टायमर्स" असतं, ते डिसेबल करा. बॅटरी आणि चार्जर यांच्या नोंदी वेगळ्या असतात, दोन्ही तपासा.

4. तरीही उठतोय?

"पॉवरसीएफजी /ए" टाइप करा. उपलब्ध प्रकारांत "एस0 लो पॉवर आयडल" दिसलं, तर तुमचा लॅपटॉप मॉडर्न स्टँडबाय वापरतो. यात तो मोबाइलसारखा अधूनमधून मेल, अपडेट वगैरे पाहत असतो. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. "पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी" दिल्यावर एक अहवाल तयार होतो, त्यात झोपेत बॅटरी कुणी खाल्ली ते कळतं.

अशा लॅपटॉपला बॅगेत टाकण्याआधी हायबरनेट करणं उत्तम. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं, म्हणून बॅटरी संपली तरी काम टिकतं. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. मेनूत पर्याय दिसत नसेल तर "पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन" द्या. मग पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर हायबरनेट व्हावं असं ठरवून टाका.

एक बदल केला की एक-दोन रात्री थांबा, निकाल लिहा, मगच पुढचा बदल करा. बदलाने फरक पडला नाही तर सेटिंग पूर्ववत करा. उद्या प्रयोगशाळेतलं एखादं उपकरण विचित्र वागायला लागलं, की हीच सवय कामाला येईल.

आणि हो, झाकण लावण्याआधी फाइल सेव्ह करायची. याला पर्याय नाही.